आईंनी जरा बाहेर बसावं

“नाव काय बाळा तुझं?” असं मी मुलीला विचारते आणि उत्तर आईकडून येतं. कितवीत आहे, कुठं दुखतंय, मागची पाळी कधी आली, हेही आईच सांगते. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बसते. आई आलेली नसेल तर आत्या, मावशी, वहिनी. एकीसोबत गावचे सरपंच आले होते. तिच्या पाळीच्या तारखाही तेच सांगू लागले, तेव्हा मी त्यांना चहा प्यायला पाठवलं.

लातूरला मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस करते. बाळंतपणं, सिझर, गर्भाशयाच्या गाठी हे रोजचं काम आहेच. पण आठवड्यातल्या दोन दुपारी माझ्याकडे फक्त मुली येतात. चार दिवसांच्या बाळापासून एकोणीस वर्षांपर्यंतच्या. त्या दुपारी दारावर ‘मुलींचा दवाखाना’ एवढीच पाटी लावतो. नववीतली मुलगी प्रसूतिगृहाच्या बाकावर बसलेली कुणी पाहिली, की संध्याकाळपर्यंत गल्लीत गोष्ट तयार होते, म्हणून ही सोय.

अशी वेगळी ओपीडी कशाला, असं मला डॉक्टर मंडळीच अधिक विचारतात. मी शिकत होते तेव्हा तेरा वर्षांची मुलगी पोट धरून आली, की बालरोग विभाग म्हणायचा ‘हे गायनॅकचं आहे’ आणि गायनॅकवाले म्हणायचे ‘लग्न झालेलं नाही, तपासणार काय?’ मग ती पोट धरूनच या मजल्यावरून त्या मजल्यावर जायची. दोन्हीकडची माणसं वाईट नव्हती. या वयाच्या मुलीला कसं तपासायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

तपासण्याची पद्धत खरोखरच वेगळी आहे. लहान मुलीला मी टेबलावर झोपवत नाही. ती आईच्या मांडीवर बसते, तळपाय एकमेकांना टेकवून गुडघे फुलपाखराच्या पंखांसारखे बाजूला सोडते, आणि तेवढ्यात मला जे पाहायचं ते दिसतं. हात क्वचितच लावावा लागतो. मोठ्या मुलींचीही आतून तपासणी बहुतेक वेळा लागत नाही. पोटावरून केलेली सोनोग्राफी पुरते. त्यासाठी लघवी दाबून पोट टम्म भरून यावं लागतं, म्हणून माझ्या प्रतीक्षागृहात पाण्याच्या बाटल्या घेऊन चुळबुळ करणाऱ्या मुली कायम दिसतील. अगदीच आत पाहण्याची वेळ आली तर भूल देऊन, बारीक दुर्बिणीतून.

पण लहान आणि किशोरवयीन मुलींच्या स्त्रीरोगांच्या या शाखेतलं सगळ्यात कामाचं साधन म्हणजे एक वाक्य आहे: “आईंनी जरा बाहेर बसावं.” ते मी विनंती म्हणून म्हणत नाही. “बारा वर्षांपुढच्या सगळ्याच मुलींशी मी पाच मिनिटं एकटीशी बोलते, सिस्टर इथंच थांबतात,” असं आमच्याकडची रीत असल्यासारखं सांगते. सगळ्यांनाच लागू म्हटलं की आईला आपल्यावर संशय घेतल्यासारखं वाटत नाही. दार लागलं की मुलीला आधी नियम सांगते. तू जे सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण कुणी तुला त्रास देत असेल तर ते मला कायद्यानं कळवावंच लागतं, आणि कळवण्याआधी मी तुला सांगेन.

मग जे बाहेर येतं ते आईनं सांगितलेल्या तक्रारीशी क्वचितच जुळतं. आई ‘अंगावरून पांढरं जायलंय’ म्हणून घेऊन आलेली असते, आणि मुलीला विचारायचं असतं की एक छाती मोठी आणि एक लहान का आहे. (वाढीच्या वयात असतेच. बऱ्याचजणींची थोडीफार तशीच राहते.) कुणाला आपल्याला कॅन्सर झालाय असं वाटत असतं. कुणी सहा महिने शाळेतल्या स्वच्छतागृहात गेलेली नसते, कारण त्याला कडीच नाही; मग दिवसभर पाणी न पिणं, लघवीची जळजळ, आणि आईच्या तोंडून ‘हिला सारखं इन्फेक्शन होतंय’. या दुखण्यावर मी अँटिबायोटिक लिहिते आणि मुख्याध्यापकांना पत्रही लिहिते. कडीचं पत्र अधिक काळ उपयोगी पडतं.

तान्ह्या मुलींचं काम त्या मानानं सोपं. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात मुलीच्या लंगोटाला रक्ताचा डाग लागला, की घरात हलकल्लोळ होतो. गर्भात असताना आईकडून मिळणारं इस्ट्रोजेन जन्मानंतर एकदम थांबतं, त्यामुळे बाळाच्या इवल्याशा गर्भाशयाचं अस्तर जरासं गळतं. चार-पाच दिवसांत थांबतं, औषध लागत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलींमध्ये योनिमुखाच्या ओठांच्या कडा कधी कधी चिकटतात आणि ‘हिला जागाच नाही’ म्हणत आजी हंबरडा फोडते. लघवी व्यवस्थित होत असेल तर बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं, फार तर थोडे दिवस मलम. बोटानं ओढून त्या कडा सोडवू नयेत, एवढंच मी परोपरीनं सांगते. रात्रीची खाज असेल तर जंत. औषध सगळ्या घरादाराला द्यायचं. आणि घाण वास येणारा, रक्ताळलेला स्राव थांबतच नसेल तर आत काहीतरी अडकलंय का ते पाहायचं. मी मणी काढलेत, थर्माकोलचे गोळे काढलेत, एकदा चिंचोका. अर्थात अशा प्रत्येक वेळी, कुणी हात लावला का, हाही प्रश्न मनात ठेवूनच पाहावं लागतं.

चौदा वर्षांची एक मुलगी औशाकडच्या एका खेड्यातून आली होती. (सगळ्याच मुलींचे तपशील मी इथे ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.) पाळी अजून आलेली नव्हती. दर महिन्याला तीन-चार दिवस पोट दुखायचं, मग थांबायचं. पाच-सहा महिन्यांत ओटीपोटात गोळा लागायला लागला आणि एका रात्री लघवी पूर्ण अडली. तोवर गावानं निदान करून टाकलं होतं. वडील तिच्याकडे न बघता दाराशी उभे होते. आजीनं दोन दिवस तिला स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं. आई रडत नव्हती, बोलतही नव्हती. मला ते जास्त काळजीचं वाटलं.

तपासताना दिसला एक निळसर, फुगून बाहेर आलेला पडदा. योनिमुखावर जन्मतः जो पातळ पडदा असतो, त्याला पाळीचं रक्त बाहेर पडण्यापुरती वाट असते. हजार-दोन हजार मुलींमागे एखादीत ती वाट तयारच होत नाही. पाळी आलेली असते, फक्त ती दिसत नाही. महिन्यामागून महिना रक्त आत साठत जातं, मूत्रमार्ग दाबतं. भूल दिली, पडद्याला छेद घेतला, आणि चॉकलेटी रंगाचं दाट, जुनं रक्त भांडंभर बाहेर आलं. अर्ध्या तासाचंही काम नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी पोहे मागत होती.

त्यानंतर वडील एकटे आत आले. “मॅडम, पडदा फाडलात. पुढं लग्नात कुणी विचारलं तर? सर्टिफिकेट द्या.” त्यांना मी बसवून घेतलं आणि चित्र काढून दाखवलं. या पडद्यावरून मुलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. कुणाचा जन्मतः मोठ्या छिद्राचा असतो, कुणाचा लवचीक, कुणाचा बाळंतपणापर्यंत तसाच राहतो. अत्याचाराच्या तपासात बोटं घालून केली जाणारी ती जुनी ‘चाचणी’ अशास्त्रीय आणि स्त्रीचा अपमान करणारी आहे, असं ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा बजावलं. ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरतो. कौमार्याचं सर्टिफिकेट वैद्यकशास्त्रात नसतं, तेव्हा मी ते देत नाही. डिस्चार्ज कार्डावर जन्मजात दोष आणि झालेली शस्त्रक्रिया, एवढं लिहिलं. गावातलं निदान बदलण्याचं काम तिथल्या आशा सेविका ताईंनी केलं. त्या प्रत्येक घरी जाऊन काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण आजी टाके दाखवायला नातीसोबत स्वतः आली.

लातूर म्हटल्यावर क्लासेस आलेच. दहावी झालेल्या मुली सगळ्या मराठवाड्यातून इथं येऊन हॉस्टेलवर राहतात, ‘नीट’ची तयारी करतात. सकाळी उपाशी, दुपारी वडापाव, रात्री एकपर्यंत जागरण, चालणं फक्त खोली ते क्लास. दोन महिने पाळी चुकली की एखादी धिटुकली स्वतःच जाऊन सोनोग्राफी करून येते आणि रिपोर्ट माझ्यासमोर ठेवते: “मॅडम, मला पीसीओडी निघालंय. आता मला मूल होणार नाही ना?” सोळा वर्षांची मुलगी, आणि तिच्या डोक्यात हा प्रश्न कुणी भरला असेल?

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती अनियमित असणं हा रोग नाही. मेंदू, पिट्यूटरी आणि बीजाशय यांचा एकमेकांशी मेळ बसायला तेवढा वेळ लागतो. या काळात दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. दोन पाळ्यांत एकवीसपासून पंचेचाळीस दिवसांपर्यंतचं अंतर या वयात चालतं. आणि या वयाच्या निरोगी मुलींच्या बीजाशयांतही सोनोग्राफीत बारीक बारीक पुटकुळ्या भरपूर दिसतात. म्हणूनच पाळी सुरू होऊन आठ वर्षं होण्याआधी सोनोग्राफीवरून पीसीओएसचं, म्हणजेच या पीसीओडीचं, निदान करू नये, असं २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट केलं, आणि रक्तातल्या एएमएच या संप्रेरकावरूनही ते करू नये, अशी २०२३ च्या सुधारित सूचनांनी त्यात भर घातली. तरीही रिपोर्ट येतच राहतात. माझं मत विचाराल तर किशोरवयीन मुलींच्या हातात सोनोग्राफीचे असे कागद देण्यापेक्षा न्याहारीचा डबा द्यावा. मात्र पाळी अनियमित आणि सोबत चेहऱ्यावर राठ केस, न हटणारे मुरूम, मानेवर काळपट जाड वळी असतील, तर तो प्रश्न खरा आहे आणि त्यावर आम्ही नीट उपचार करतो.

परीक्षेच्या तोंडावर गोळ्यांचा हंगाम येतो, आणि भाद्रपदात दुसरा. महालक्ष्म्या बसायच्या आधी आया रांगेनं येतात, “लेकीची तारीख नेमकी त्याच दिवशी आहे, पुढं ढकलायची गोळी द्या.” बारा वर्षांच्या मुलीसाठीसुद्धा. परीक्षेसाठी, मुलीला स्वतःला हवी असेल तर, सगळी माहिती विचारून मी ती कधीतरी देते; तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पूजेसाठी मी देत नाही. मेडिकलच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळते हे मला ठाऊक आहे, पण माझ्या हातून नाही. महालक्ष्म्या माझ्याही घरी बसतात.

जिथे खरोखर घाई हवी, तिथे मात्र घरचे ‘होतं असं, वय आहे’ म्हणत थांबतात. दर तास-दोन तासांनी पॅड भिजतं, आठवडा उलटला तरी थांबत नाही, मुलगी पांढरीफटक. अशा वेळी मी पहिला प्रश्न नाकातून रक्त येण्याबद्दल विचारते, आणि दुसरा, दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं होतं का. रक्त गोठण्यातला जन्मजात दोष पुष्कळदा पहिल्यांदा पाळीतच उघड होतो. फिनलंडच्या ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातली यॉर्डिस नावाची पाच वर्षांची मुलगी १९२४ मध्ये एरिक फॉन विलब्रांड या डॉक्टरांकडे आली. तिच्या घराण्याचा अभ्यास करून त्यांनी १९२६ मध्ये जो आजार जगापुढे मांडला, त्याला आज त्यांचंच नाव आहे. यॉर्डिस स्वतः मोठी झाली नाही. तेराव्या वर्षी, चौथ्याच पाळीत, रक्तस्रावानं गेली. आज ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या कुठल्याही दुकानात मिळतात, रक्ताच्या तपासण्या लातुरातून पाठवता येतात. त्यामुळे ‘होतं असं’ हे मला चालत नाही. तसंच अचानक एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या: बीजाशयाला पीळ पडलेला असू शकतो. पूर्वी काळंनिळं दिसणारं बीजाशय सरळ काढून टाकत. आता पीळ सोडवून ते ठेवतात, कारण त्यातली बरीचशी पुन्हा कामाला लागतात.

पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि पाळी नाही, किंवा तेरा झाली आणि छातीची वाढच नाही, तर थांबू नये, एवढं प्रत्येक आईनं लक्षात ठेवावं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. कधी कधी नाही. साधारण साडेचार-पाच हजार मुलींमागे एकीला जन्मतः गर्भाशय नसतं. वाढ छान झालेली असते, बीजाशयं उत्तम असतात, गुणसूत्रं मुलीचीच असतात, योनिमार्ग मात्र अपुरा. हे निदान सांगणं माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि त्यावर माझा एक हट्ट आहे: ते आधी मुलीला सांगायचं, तिच्यासमोर. आईबापांना एकटं बोलावून कानात नाही. “तिला नका सांगू मॅडम, आधी लग्न होऊ द्या,” असं हात जोडून म्हणणारे पुष्कळ भेटलेत. मी म्हणते, शरीर तिचं आहे, आणि तिला ते नवऱ्याकडून कळावं असं तुम्हाला वाटतं का?

मग सांगायच्या गोष्टी अनेक असतात आणि त्या एका भेटीत संपत नाहीत. मूत्रपिंडाची सोनोग्राफी करायची, कारण काहीजणींना एकच मूत्रपिंड असतं. योनिमार्ग बहुतेकींमध्ये शस्त्रक्रियेशिवाय, गुळगुळीत नळ्यांनी हळूहळू ताण देऊन तयार होतो, पण तिला हवं तेव्हा. विशीतही करता येतं, घाई नाही. बीज तिचंच असल्यामुळे सरोगसीचा मार्ग २०२१ च्या कायद्यात लग्नानंतर खुला आहे. मे २०१७ मध्ये पुण्यात आईचं गर्भाशय मुलीला बसवण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा पुढचे काही महिने माझ्या या मुलींचे फोन सारखे येत होते. मोठी शस्त्रक्रिया, पुढची औषधं, धोके, सगळं सांगितलं. एकीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, मला आधी बीएड करायचंय.”

दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात. कारखान्यावर नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल कोयत्यावर मिळते, म्हणून पंधरा-सोळाच्या मुलींची लग्नं उरकली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये या पंधरा-सोळाच्या मुली माझ्याकडे येतात, सहावा महिना, हिमोग्लोबिन सात. अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये ठरवलंय. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली कळवणं मला बंधनकारक आहे. मी कळवते. आणि कळवणार हे माहीत असल्यामुळे किती मुली माझ्याकडे न येता कुठल्या तरी खोलीत गर्भ पाडून घेतात, हेही मला कळतं, कारण सेप्टिक होऊन त्या शेवटी इथंच येतात. स्वखुशीनं संबंध आलेल्या अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या बाबतीत, तिनं आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरनं तिचं नाव उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं आहे. पोलीस ठाण्यात हा निकाल माहीत असतोच असं नाही. मी त्याची प्रत ड्रॉवरमध्ये ठेवते.

आमच्या शाखेचा इतिहास सांगताना पुस्तकं १९४० मध्ये प्रागला रुडॉल्फ पीटर यांनी मुलींसाठी काढलेल्या बाह्यरुग्ण विभागापासून सुरुवात करतात. आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ ची. मला ते पटत नाही. १८८९ मध्ये कलकत्त्यात अकरा वर्षांच्या आसपासची फुलमणी दासी नवऱ्यानं ठेवलेल्या संबंधानंतर रक्तस्रावानं मेली. तेव्हा हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी, आपण स्वतः पाहिलेल्या अशा जखमी बालवधूंच्या नोंदी एकत्र करून सरकारला अर्ज दिला. मुंबईत कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टर असलेल्या एडिथ पीची बालविवाहाविरुद्ध व्याख्यानं देत होत्या. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या आणि ‘सासरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात’ या हुकुमाला न बधलेल्या रखमाबाई त्यांच्याच मदतीनं लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोटला आयुष्यभर काम करत राहिल्या. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला. मर्यादा दहावरून बारावर गेली, आणि त्यालाही ‘केसरी’तून टिळकांनी कडाडून विरोध केला. त्या अर्जातल्या नोंदी हीच माझ्या लेखी या शाखेची पहिली केस-शीट.

क्लासवाल्या मुली मला हमखास विचारतात, तुमच्यासारखं व्हायचं तर काय करावं लागतं. एमबीबीएस, मग स्त्रीरोगात एमडी किंवा एमएस. त्यापुढे या विषयाची स्वतंत्र डीएम आपल्याकडे नाही. काही फेलोशिप आहेत, परदेशात प्रशिक्षण आहे, आणि बालरोगाच्या वॉर्डात, अंतःस्रावतज्ज्ञांच्या ओपीडीत जाऊन बसणं आहे. पैसा बाळंतपणांत आहे, यात नाही. एका मुलीला पाऊण तास लागतो आणि बिल साध्या तपासणीचं होतं. मला एक ज्युनिअर हवी आहे. मागे दोघी येऊन गेल्या, हात दोघींचेही चांगले होते. एकजण मुलगी बोलत असताना कॉम्प्युटरवर टाइप करायची. दुसरी टाइप करत नव्हती, पण मुलगी अडखळली की तिचं वाक्य स्वतःच पुरं करायची. जागा अजून रिकामी आहे. दुपारी दोन ते सहा, मंगळवार आणि शुक्रवार.